निळीची झाक

सत्तरी ओलांडल्यावर माणसाला निवड करण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. घर बांधून झालेले असते, मुलांची लग्ने झालेली असतात, काय खायचे ते डॉक्टर ठरवतात आणि कुठला सदरा घालायचा ते घरातून ठरते. अशा निवांत वयात ‘काका, पांढरं घालू की पिवळं?’ असा प्रश्न मला विचारण्यात आला आणि मी गांगरून गेलो. प्रश्न सदऱ्याचा नव्हता. माझ्या डोळ्यात बसवायच्या भिंगाचा होता. आणि विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या थोरल्या नातीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील.

साताऱ्यातल्या एका शाळेत मी चौतीस वर्षे शास्त्र शिकवले. लोलकातून सूर्याची तिरीप सोडून भिंतीवर सात रंग पाडून दाखवायचे, हा माझा दर वर्षीचा आवडता तास. तेव्हा भिंगाच्या बाबतीत तरी मला कुणी नवे सांगू शकणार नाही अशी माझी समजूत होती. पण माझ्या स्वतःच्या दोन भिंगांत इतक्या वर्षांत काय झाले होते, याचा मला पत्ताच नव्हता.

मोतीबिंदू म्हटला की आपल्याला धुके आठवते. ते खरेच आहे, पण धुक्याच्या कितीतरी आधी पिवळेपणा येतो. लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग जवळजवळ पाण्यासारखे असते. मग वर्षागणिक ते पिवळट होत जाते, आणि मोतीबिंदू पिकत आला की पातळ चहासारखे तपकिरी दिसू लागते. पिवळी काच करते तेच ते करते. जांभळा आणि निळा प्रकाश वाटेतच अडवते, बाकीचा आत सोडते. हा कारभार इतक्या सावकाश चालतो की कुठल्याही सकाळी उठून ‘आज जग पिवळे दिसते आहे’ असे कुणी म्हणत नाही. शिवाय मेंदू हा मोठा समजूतदार गृहस्थ आहे. डोळ्यातून पिवळट माल येऊ लागला तरी तो हिशेब जुळवून घेतो आणि पांढऱ्याला पांढरेच म्हणत राहतो. मात्र जो माल आत आलाच नाही तो त्यालाही निर्माण करता येत नाही. गर्द निळा मोजा आणि काळा मोजा यांत फरक राहत नाही. पांढऱ्यावरची पुसट निळी झाक तर पार नाहीशी होते.

या शेवटच्या वाक्यावर आमच्या घरात केवढे रामायण घडले, ते सांगतो.

गेल्या वर्षी चैत्रात माझा उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मी मागच्या अंगणात येऊन उभा राहिलो. प्रथम डावा डोळा मिटून पाहिले, मग उजवा. पुन्हा डावा. शेजारच्या मुलांना वाटले असेल, मास्तर कुणाला तरी डोळा मारताहेत. जुन्या डोळ्याला सारे अंगण तुपात तळून काढल्यासारखे दिसत होते. नव्या डोळ्याला कुंपणावरची गोकर्णी अशी काही निळी दिसली, की तिचा रंग मी इतकी वर्षे केवळ आठवणीने पाहत होतो हे माझ्या ध्यानात आले. अजिंक्यताऱ्याच्या मागचे आभाळ, रेल्वेच्या वेळापत्रकाचे पुठ्ठे, नळाखालची बादली – सगळीकडून निळा रंग माझ्याकडे धावत आला. आणि मग माझी नजर दोरीवर वाळत असलेल्या माझ्या सदऱ्यांवर गेली.

चारही सदरे निळे होते. अगदी पोलिसी निळे नव्हेत. पण पांढरे त्यांना कुणी म्हटले नसते.

आमच्या घरी अजून नीळ घालतात. धुण्याची पूड कितीही महाग आणली तरी शेवटच्या पाण्यात हिच्या हातून निळीचे चार थेंब पडल्याशिवाय कपडा धुतला असे होत नाही. किती थेंब, हे ती डोळ्यांनी ठरवते. पांढऱ्यावर अगदी ओझरती झाक दिसली की पुरे. आणि ती झाक दिसायचीच बंद झाली असली तर? दिसेपर्यंत थेंब पडत राहणार. चारांचे आठ, आठांचे सोळा. हिच्या डोळ्यांतही मोतीबिंदू होता, आणि तो माझ्यापेक्षा पिकलेला असावा, हे निदान मी डॉक्टरच्या आधी सदऱ्यांवरून केले.

मी काही बोललो नाही. पन्नास वर्षांच्या संसारात कपड्यांच्या धुलाईवर अभिप्राय देण्याची माझी पद्धत नाही.

पण सदऱ्यांवर भागले असते तर बरे होते. ही रांगोळी काढते. तशी सगळ्याच बायका काढतात. पण आमच्या गल्लीत नरक चतुर्दशीच्या पहाटे लोक फराळाला बसण्याआधी आमच्या दारातली रांगोळी पाहून जातात. लक्ष्मीपूजनाला तिचा मोर असतो. गेली काही वर्षे लोक म्हणत होते, ‘काकू, मोर लांबूनच उठून दिसतो हं!’ मला यात स्तुतीच दिसे. नव्या डोळ्याने मी तो मोर पाहिला तो गेल्या दिवाळीत. मान जांभळी नव्हे, निळी नव्हे, शाईची दौत सांडावी तशी. आणि पिसाऱ्यातल्या हिरव्या-निळ्या छटा, ज्यांबद्दल तिची ख्याती होती, त्या एकमेकींत मिसळून एकच गडद पट्टा झालेला. हात तोच होता. रेषा कुठे हलली नव्हती.

आता हे सांगायचे कसे? ज्या बाईने चाळीस दिवाळ्या पहाटे तीनला उठून उकिडवे बसून तो मोर काढला, तिला ‘तुझा मोर बिघडला आहे’ म्हणायचे? मी ‘छान आहे’ म्हणालो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला. तो तिने चकलीबरोबर बाजूला ठेवला.

तिच्या मनात ऑपरेशनची जी भीती होती ती माझ्या वडिलांच्या काळची होती. १९६८ साली त्यांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना दिवसचे दिवस उताणे निजवले होते. हसायचे नाही, खोकायचे नाही, शिंकायचे तर मुळीच नाही. पुढे कळले की हीच पथ्ये सुश्रुतसंहितेतही आहेत. सुश्रुताने या रोगाला लिंगनाश म्हटले आहे आणि जवाच्या दाण्यासारखे टोक असलेल्या शलाकेने तो बाजूला सारण्याचा उपाय सांगितला आहे. आणि नंतर शिंक, खोकला, ढेकर सारे वर्ज्य. माझ्या वडिलांचे भिंग बाजूला सारले नाही, काढूनच टाकले. त्याच्या जागी काही घातले नाही. मग आयुष्यभर त्यांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. त्यातून दाराच्या चौकटी वाकड्या दिसत, माणूस कडेने एकदम पुढे उडी मारून येई आणि पेला असे त्याच्या अलीकडे हात जाई. ते म्हणत, ‘दिसतंय खूप, पण जागच्या जागी काही नाही.’ लग्न होऊन घरात आलेल्या हिने हे सारे पाहिले होते.

गंमत अशी, की त्यांच्या ऑपरेशनाच्या वेळी यावरचा उपाय सापडून एकोणीस वर्षे झाली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या झडपेच्या प्लास्टिकचे तुकडे शिरत. हॅरल्ड रिडली नावाच्या लंडनच्या नेत्रवैद्याच्या लक्षात आले, की हे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षे मुकाट पडून राहतात. डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग करवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी ते एका बाईच्या डोळ्यात बसवले. त्यांच्या व्यवसायबंधूंनी याबद्दल त्यांचे कौतुक करण्याऐवजी त्यांची पुष्कळ वर्षे हेटाळणी केली. सरकारने त्यांना ‘सर’ केले ते २००० साली, वयाच्या नव्वदीनंतर. मधल्या काळात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू होऊन तेथे भिंगे बसली होती. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरला दंतवैद्याच्या खुर्चीत बसला असताना ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडण्याची कल्पना सुचली, ती १९६७ साली अमलात आली. आता तीनेक मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेले भिंग आत जाते आणि आत गेल्यावर उलगडते. वाळूच्या पिशव्या कुणाला लागत नाहीत. माझे ऑपरेशन चालू असताना बाहेर हिचा चहासुद्धा पिऊन झाला नव्हता.

पण पांढरे की पिवळे?

डॉक्टरीणबाईंनी मला दोन्ही पक्ष नीट समजावून सांगितले, आणि पुढचा आठवडा मी वाचण्यात घालवला. पक्ष असे. १९७६ साली विल्यम हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या डोळ्यांवर प्रयोग करून दाखवले, की तीव्र निळा प्रकाश मागच्या पडद्याला इजा करतो. डोळ्याचे स्वतःचे पिवळे भिंग या निळ्याला थोडाफार आडोसा करते. ते काढून पाण्यासारखे भिंग घातले तर म्हातारा पडदा उघड्यावर पडेल. म्हणून नव्या भिंगातही थोडा पिवळा रंग मिसळावा, तरुण माणसाच्या भिंगात असतो तेवढा. हा पिवळ्यांचा पक्ष. पांढऱ्यांचा पक्ष म्हणतो, अतिनील किरण रोखा, ते आमचे भिंगही रोखते. पण दिसणारा निळा कशाला अडवता? २००२ साली असे दिसून आले, की डोळ्यात पाहण्याच्या नेहमीच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी स्वतंत्रपणे प्रकाश ओळखतात. त्यांचा ओढा निळ्याकडे असतो आणि दिवस उजाडल्याची वर्दी शरीरातल्या घड्याळाला त्या देतात. म्हाताऱ्याची झोप आधीच तोळामासा; त्याची पहाट कशाला अंधूक करा? २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने ५१ चाचण्या एकत्र तपासून पाहिल्या. पिवळ्या भिंगाने पडदा वाचतो असा भरवशाचा पुरावा त्यांत सापडला नाही, आणि त्याने दृष्टीचे काही बिघडते असाही सापडला नाही. म्हणजे पंचांनी दोघांनाही नारळ देऊन घरी पाठवले. मी पांढरे घेतले. लोलकाच्या सातही रंगांची चौतीस वर्षे बाजू घेतलेल्या माणसाला दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. मृगात डावाही डोळा झाला, तोही पांढराच.

अर्थात नव्या डोळ्यांचेही नखरे असतात. दिवसा सगळे स्वच्छ. रात्री मात्र दिव्यांना मिशा फुटल्या. समोरून मोटार आली की तिच्या दिव्यातून दोन बारीक किरण तिरपे निघत, आणि खोलीत कडेला दिवा असला की डोळ्याच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखी एक उजेडाची कमान चमकून जाई. याचेही कारण साधे आहे. निसर्गाचे भिंग नऊ-दहा मिलिमीटर रुंद, माणसाने केलेले सहा. अंधारात बाहुली मोठी झाली की नव्या भिंगाची कड उघडी पडते आणि तिरपा उजेड तिच्यावर आपटून पडद्यावर सांडतो. ही कड गोल करता येते, पण ती मुद्दाम चौकोनी ठेवतात. त्यामुळे भिंगामागच्या पापुद्र्यावर पेशी सरकून पुन्हा धूसरपणा येण्याचे प्रमाण कमी होते. एका काचेत जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणारी भिंगे असतात, त्यांत दिव्यांना चंद्रासारखी खळी पडतात. रात्री गाडी चालवणाऱ्याला ती मानवतीलच असे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते. पिवळ्या भिंगाने ही झगमग कमी होते का? काही चाचण्या थोडी कमी होते म्हणतात, काही फरक नाही म्हणतात. माझ्या मिशा तीन-चार महिन्यांत आपोआप झडल्या. मेंदूने त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकून घेतले.

हे सगळे मी रोज जेवताना सांगत असे, आणि ही ऐकून घेत असे. तिच्या भीतीवर उतारा म्हणून एकदा मी तिला क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सांगितली. त्याला १९१२ साली मोतीबिंदू असल्याचे कळले. त्याची तळ्यातली कमळे तांबूस-तपकिरी होत चालली. अकरा वर्षे त्याने चालढकल केली आणि १९२३ साली उजवा डोळा करवून घेतला. भिंग नुसते काढलेले. जागी काही नाही. झाले, म्हाताऱ्याला सगळे निळेच निळे दिसू लागले. तो संतापला, डॉक्टरला नावे ठेवली, रंगीत काचांचे चष्मे लावून पाहिले. शेवटी जुळवून घेतले आणि कमळांची ती प्रचंड चित्रे पुरी केली. चालढकल करू नये, हे मला सुचवायचे होते.

ही पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘अहो, दुसरा डोळा केला का त्यांनी?’

‘नाही. दुसरा नाही केला.’

‘बघा!’ ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली. चित्रकार चित्रकाराच्या बाजूने उभा राहिला, यात नवल काय?

या श्रावणात मात्र विषय असा हसण्यावारी राहिला नाही. संध्याकाळी मंदिरातून परत येताना आम्ही रस्ता ओलांडत होतो. आमच्या रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले आहेत, आणि गाड्यांनाही तेच. हा पांढरा उजेड मुळात निळ्या दिव्याचा असतो. त्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा करतात. निळी एलईडी शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. मोतीबिंदूवाल्याला त्या शोधाचे कौतुक कमी. समोरून एक मोठी गाडी येत होती, आणि तिच्या अलीकडून, दिवा न लावलेली एक सायकल. ही सरळ पुढे निघाली. मी हात धरून ओढले म्हणून. सायकल पदराला घासून गेली. सायकलवर दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, मागे बहीण बसलेली. तीही पडली असती, तिघेही त्या गाडीसमोर.

घरी येईपर्यंत ती बोलली नाही. मग पायरीवर बसून म्हणाली, ‘मला दिवे दिसतात. माणसं दिसत नाहीत.’

‘कधीपासून?’

‘झाली दोन वर्षं. उजेड असा पसरतो, की त्याच्या आत कोण आहे ते कळतच नाही.’

पिकलेल्या मोतीबिंदूत हेच होते. गढूळ भिंगात उजेड विखुरतो, आणि त्याचा पांढरा पडदा समोरच्या सगळ्या वस्तूंवर चढतो. दवाखान्यातल्या फळ्यावरची अक्षरे ती बऱ्यापैकी वाचत असे, कारण फळ्याच्या मागून कुणी गाडीचा दिवा लावत नाही. दोन वर्षे ती संध्याकाळी माझ्या डाव्या बाजूने, माझा दंड धरून चालत होती. मला ती माया वाटत होती. आताही ती मायाच होती असे मी धरून चालतो.

गणपती विसर्जन झाल्यावर तिचा उजवा डोळा झाला. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तोच प्रश्न विचारला, आणि मी हॅमपासून कॉक्रेनपर्यंतचे माझे व्याख्यान सुरू करणार तोच ती म्हणाली, ‘मला एवढंच सांगा, मोरपंखी आणि निळा यांतला फरक कळेल ना?’

‘काकू, भरपूर उजेडात दोन्ही भिंगांनी कळेल. अंधूक उजेडात पिवळ्याने अगदी थोडा कमी, कदाचित.’

‘मग पिवळं घाला. इतकी वर्षं पिवळ्यातूनच बघत आलेय. त्या फ्रान्सच्या बाबासारखं एकदम सगळं निळं नको.’

तेव्हापासून आमच्या घरात दोन पंथ झाले आहेत. पिवळे असले तरी ते नवे भिंग तिच्या जुन्यापेक्षा कितीतरी उजळ, त्यामुळे निळा रंग तिलाही परत भेटला. फक्त माझ्याइतका आरडाओरडा करत नाही. सदऱ्यांचे काय झाले हे विचारू नका. धुणे पूर्वीसारखेच चालू आहे, निळीची बाटली आता जास्त दिवस पुरते, आणि या विषयावर कुणीही काही बोललेले नाही. दुसरा डोळा आश्विनात करू म्हणून डॉक्टर म्हणत होत्या. पण डोळ्यात पाणी जाता कामा नये, म्हणजे अभ्यंगस्नान नाही, हे ऐकताच तिने तारीख तुळशीच्या लग्नापुढे ढकलली. तूर्त एक डोळा नवा आणि एक जुना, अशी ती घरभर वावरते, आणि डाळीचे डबे आळीपाळीने एकेका डोळ्याने पाहते.

परवा नातू त्याच्या मोबाइलमध्ये जुने फोटो दाखवीत होता. त्यात गेल्या दिवाळीतला मोर निघाला. मी पेपरात डोके घातले. हिने मोबाइल हातात घेतला, डावा डोळा मिटला, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग नुसताच उजवा मिटून पाहिले.

‘फोटोत रंग भडकच येतात,’ ती म्हणाली.

‘येतात,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोती चौकात रांगोळीचे रंग आणायला गेलो. तिने दुकानदाराला पुड्या दुकानाबाहेर, उन्हात आणायला लावल्या आणि हिरव्या-निळ्याच्या मधले पाच रंग घेतले. गर्द निळ्याची पुडी हातात घेऊन परत ठेवली. दुकानदार म्हणाला, ‘काकू, दर वर्षी दोन नेता की!’ ती म्हणाली, ‘घरात शिल्लक आहे.’